खोट्या लाकडाची खानदानी जीप

मिलवॉकीचे ब्रुक्स स्टीव्हन्स हे अमेरिकेतल्या औद्योगिक डिझाइनच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकली, रेल्वेचे काचेच्या शेपटीचे डबे, सॉसेजच्या आकाराची एक जाहिरातगाडी, असं वाटेल ते त्यांनी कागदावर उतरवलं. 1954 साली मिनियापोलिसमध्ये जाहिरात व्यवसायातल्या मंडळींपुढे भाषण करताना त्यांनी ‘प्लॅन्ड ऑब्सोलेसन्स’ हा शब्दप्रयोग वापरला आणि तो पुढे त्यांच्याच नावाला चिकटला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं : गिऱ्हाइकाला थोडं नवं, थोडं बरं, आणि गरजेच्या थोडं आधीच हवंसं वाटलं पाहिजे. वस्तू मोडायची वाट कशाला बघायची? ती जुनी दिसायला लागली की काम झालं. त्यावरून त्यांना शिव्याही भरपूर बसल्या.

गंमत पुढेच आहे. याच स्टीव्हन्स यांनी आखलेली एक गाडी नोव्हेंबर 1962मध्ये बाजारात आली आणि जून 1991पर्यंत विकली जात राहिली. तोंडावरची जाळी बदलली, इंजिनं बदलली, कंपनीचे मालक बदलले. पण दारं, छप्पर, खिडक्यांची रेषा जवळपास तशीच राहिली. ती गाडी म्हणजे जीप वॅगोनिअर. शेवटची काही वर्षं ती ग्रँड वॅगोनिअर या नावाने विकली गेली. अंगावर लाकडाची नक्कल मिरवणारी ही चौकोनी, भारदस्त जीप आज अमेरिकेतल्या संग्राहकांच्या यादीत बरीच वर आहे. सुस्थितीतली, मूळ रूपातली गाडी निघाली की मूळ किमतीच्या कितीतरी वर बोली जाते.

ही गाडी टिकली याचं श्रेय तिच्या गुणांना आहेच, पण त्याहून जास्त तिच्या मालकांच्या रिकाम्या खिशाला आहे. ते कसं, हे कळलं की संग्राहक तिच्यात नेमकं काय शोधतात हेही कळतं.

गाडी ओहायो राज्यातल्या टोलेडोची. दुसऱ्या महायुद्धात जिथे विलिज कंपनीने लष्करी जीप बनवल्या, तेच हे गाव. आपल्याकडे या गावाचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत ज्या जीपची जुळणी सुरू केली, ती याच विलिजची. वडापला लोंबकळून ज्यांनी तालुक्याचा बाजार गाठला, त्यांची टोलेडोशी अशी सोयरीक आहे. फरक इतकाच की आपल्याकडे त्या जीपचे वंशज अनेक दशकं कष्ट उपसत राहिले आणि तिकडे त्याच घराण्यातल्या एका पोरीला शहरी घरात द्यायचं ठरलं.

1953 साली कैसर उद्योगसमूहाने विलिज विकत घेतली होती. तोवर जीप म्हणजे शेत, जंगल आणि सैन्य. स्टीव्हन्स यांनीच 1946 साली जीपची एक पोलादी स्टेशन वॅगन आखून दिली होती, ती चाललीही. पण पन्नाशीच्या दशकाअखेर ती पार जुनाट दिसायला लागली. चारही चाकांची ताकद आणि घरच्या मोटारीचा आराम एकाच गाडीत हवा, असं गिऱ्हाईक तयार होत होतं. त्या वेळी शेव्हरोलेच्या सबर्बनला दोनच दारं होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरा. इंटरनॅशनलच्या ट्रॅव्हलॉलला चार दारं होती, पण चालायला ती ट्रकच. वॅगोनिअरला पहिल्यापासून चार दारं मिळत, साडी नेसलेल्या बाईलाही चढता येईल इतका तिचा पायठा खाली होता, आणि फोर-व्हील ड्राइव्हसोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेता येत असे. ही जोडी तोवर सर्वसामान्यांच्या बाजारात कुणी दिली नव्हती.

पहिलं इंजिन ‘टोर्नेडो’ नावाचं, सहा सिलिंडरचं, 140 अश्वशक्तीचं, कॅमशाफ्ट वर डोक्यावर असलेलं. अमेरिकेत त्याला फार आयुष्य लाभलं नाही. कैसरच्या अर्जेंटिनातल्या कारखान्यात मात्र त्याचं नशीब उघडलं, आणि त्यावर चालणाऱ्या तोरिनो गाड्या 1969 साली जर्मनीत न्यूरबर्गरिंगवरच्या 84 तासांच्या शर्यतीत धावल्या. ते बिऱ्हाड वेगळं.

1966 साली आलेली सुपर वॅगोनिअर ही या सगळ्या घराण्याची खरी नांदी. आठ सिलिंडरचं 270 अश्वशक्तीचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, एअर कंडिशनर, वरखाली होणारं स्टिअरिंग, बटणं दाबायचा रेडिओ, आणि मागची काच विजेवर खाली जाणारी. आज आठ-दहा लाखांच्या गाडीतही यातलं बरंच असतं म्हणून हसू येईल. पण हे सगळं चिखलात जाणाऱ्या गाडीत होतं, आणि रेंज रोव्हर जन्माला यायला अजून चार वर्षं होती. ती 1970मध्ये आली तीही दोन दारांची, धुता येतील अशा प्लास्टिकच्या सीटांची. महागड्या चैनीच्या एसयूव्हीचा मान बहुतेक वेळा इंग्रजांना दिला जातो. माझ्या मते तो टोलेडोला द्यायला हवा.

1970मध्ये कैसरने जीपचा धंदा अमेरिकन मोटर्स, म्हणजे एएमसी, या कंपनीला विकला. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तीन हत्तींच्या पायांखालून वाट काढणारी ही कंपनी कायम पैशाच्या चणचणीत असे. नवं मॉडेल काढायचं तर पत्रा ठोकायचे साचे नवे करावे लागतात, आणि साचे हाच खर्चाचा मोठा वाटा. एएमसीने साच्यांना हात लावला नाही. जे आत घालता येईल ते घातलं.

त्यातलं एक मात्र फार मोलाचं निघालं. त्या काळच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडलेले असत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाकं घसरून तो फरक मिटतो, डांबरी रस्त्यावर मिटत नाही. यंत्रणेला पीळ बसतो, टायर ओरडतात. म्हणून फोर बाय फोर लागेल तेव्हा जोडायचं, रस्ता कोरडा झाला की सोडायचं, आणि कित्येक गाड्यांत त्यासाठी खाली उतरून चाकांचे हब फिरवायचे. 1973पासून वॅगोनिअरमध्ये क्वाड्रा-ट्रॅक आलं. दोन्ही एक्सलच्या मधोमध आणखी एक डिफरन्शिअल बसवलं, त्यामुळे पुढचे-मागचे आपापल्या गतीने फिरू लागले आणि ताकद चारही चाकांना कायम मिळू लागली. चालवणाऱ्याला काही कळायची गरजच उरली नाही. बर्फाळ प्रदेशातल्या शहरी कुटुंबांना हेच हवं होतं.

1978च्या लिमिटेड मॉडेलने पुढचं पाऊल टाकलं : चामड्याच्या सीटा, जाड गालिचा आणि दोन्ही अंगांना रुंद ‘लाकूड’. हे लाकूड म्हणजे विनाइलची छापील फिल्म, कडेने लाकडी रंगाच्या पट्ट्या. अमेरिकेत 1930-40च्या दशकांत स्टेशन वॅगनचा मागचा भाग खरोखर लाकडाचा असे, समुद्रकाठच्या बंगल्यांवर आणि क्लबांच्या आवारात त्या गाड्या दिसत. त्या आठवणीवर ही फिल्म विकली गेली. खोटं लाकूड आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. तरीही ते लावलेली जीप नँटकेट, मार्थाज व्हिनयार्डसारख्या बेटांवरच्या श्रीमंत वस्त्यांमध्ये दिसू लागली आणि हळूहळू प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. मर्सिडीज उभी करणं तिथे थोडं उथळपणाचं वाटे. आठ वर्षांची, कुत्र्याच्या केसांनी भरलेली वॅगोनिअर चाले.

1984मध्ये कंपनीने तिला घरी बसवायचं ठरवलं होतं. नवी, हलकी, आटोपशीर चेरोकी आली, तिच्यातल्या वरच्या मॉडेलला वॅगोनिअर नावही दिलं. म्हातारीला मग ‘ग्रँड’ हा किताब जोडून आणखी थोडे दिवस ठेवलं. त्या छोट्या वॅगोनिअरची आज कुणाला आठवण नाही. म्हातारीला गिऱ्हाइकं येतच राहिली. साच्यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला, गाडी महाग विकली जाते, मग बंद कोण करणार? 1987मध्ये क्रायसलरने एएमसी गिळली, तेव्हा तिच्या हिशेबनिसांनीही बहुधा हाच विचार केला असावा. शेवटी मागणी आटली. 1991 सालच्या गाड्या दीड हजाराच्या आसपास निघाल्या आणि त्यांच्या डॅशबोर्डवर ‘फायनल एडिशन’ची छोटी पट्टी लागली. अमेरिकेत सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलेलं असताना हिच्या बॉनेटखाली अजून कार्बुरेटर होता. 5.9 लिटरच्या इंजिनातून 144 अश्वशक्ती, आणि एका लिटर पेट्रोलात जेमतेम पाच किलोमीटर.

या गाडीला ‘फुल-साइज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रकएवढं धूड येतं. ग्रँड वॅगोनिअर लांबीला सुमारे 4.73 मीटर आहे, म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टाएवढीच. 2022 मॉडेल म्हणून आलेली नवी ग्रँड वॅगोनिअर साडेपाच मीटरच्या घरात जाते.

आता अशी गाडी पाहायला गेलेला जाणकार काय करतो ते पाहू. तो आधी मागे जातो. इंजिन बघायची घाई नवख्याला असते.

मागचं झापड, म्हणजे टेलगेट, ही या गाडीची कुंडली आहे. झापड खाली उघडतं, पण त्याआधी वरची काच झापडाच्या पोटात उतरवावी लागते. ते काम विजेची मोटर करते. डॅशबोर्डवरच्या बटणाने किंवा बाहेरून किल्ली फिरवून. काच अडखळत, कुरकुरत उतरली तर रबर सुकलंय किंवा पट्ट्या वाकल्यात. उतरलीच नाही तर मोटर, स्विच किंवा वायर गेलेली असते, आणि मग झापड उघडत नाही, सामान आत मागच्या सीटवरून टाकावं लागतं. काच ज्या फटीतून आत जाते त्याच फटीतून पावसाचं पाणीही जातं. ते निघून जायला तळाशी भोकं ठेवलेली असतात. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पानांचा चुरा आणि माती या भोकांत बसते, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेरचा रंग तोवर छान चकाकत असतो. म्हणून जाणकार झापड उघडून त्याच्या खालच्या काठावरून बोट फिरवतो. रंगाखाली फोड लागले, तपकिरी चुरा हाताला लागला, की भाव तिथेच उतरतो.

मग तो गुडघ्यावर बसतो. दारांखालचे पत्र्याचे पट्टे, चाकांवरच्या कमानी, चालकाच्या पायाखालची जमीन, छपराच्या कडेची पन्हाळ. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने जेवढ्या जुन्या गाड्या खाल्ल्या तेवढ्या अपघातांनीही खाल्ल्या नसतील. म्हणून ॲरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेल्या गाड्यांना मागणी असते. त्यांचंही एक दुखणं आहे. ऊन पत्र्याला खात नाही, पण डॅशबोर्डला भेगा पाडतं, चामडं तडकवतं आणि ते प्रसिद्ध लाकूड पांढुरकं करून सोडतं. म्हणजे उत्तरेत सांगाडा जातो, दक्षिणेत साज जातो. दोन्ही शाबूत असलेली गाडी म्हणजे आयुष्यभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, आणि अशा कमीच.

जाणकाराच्या खिशात एक पातळ चुंबक असतो. पत्र्यावरून तो सरकवत न्यायचा. जिथे पकड ढिली पडते तिथे आत पुट्टी भरलेली आहे. आपल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनाही ही युक्ती नवी नाही. फक्त विनाइलखाली काय लपलंय हे चुंबकालाही नेहमी सांगता येत नाही. त्यासाठी पट्टीच्या कडेला फिल्म उचलली गेलीय का, स्क्रू कधी काढलेत का, ते पाहावं लागतं.

बॉनेट आता उघडायचं. एएमसीच्या 360 घन इंच, म्हणजे त्याच 5.9 लिटरच्या इंजिनाची खूण म्हणजे तो आकडा ब्लॉकच्या अंगावरच ओतलेला असतो. इंजिन मूळ जातीचं आहे की मागून दुसरं बसवलंय ते तिथे कळतं. इंजिन दणकट आहे, पण त्याचा ऑइल पंप पुढच्या ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला आहे. गिअर फिरून फिरून त्या मऊ धातूची झीज होते आणि तेलाचा दाब पडतो. थंड इंजिनात काटा शहाण्यासारखा उभा राहतो. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं, अर्धा तास फिरवून आणू. परत आल्यावर गाडी उभी करून इंजिन मंद चालू ठेवायचं आणि काट्याकडे पाहत राहायचं. विकणारा याच वेळी गप्पा मारायला लागतो, असा अनुभव बऱ्याच जणांचा.

इंजिनाभोवती काळ्या बारीक रबरी नळ्यांचं जाळं असतं. प्रदूषणाच्या नियमांसाठीची यंत्रणा, क्रूझ कंट्रोल, एसीची झापडं, ऐंशीच्या दशकात तर फोर बाय फोर जोडण्याचं कामसुद्धा, हे सगळं निर्वाताच्या ओढीवर चालतं. एक नळी तडकली की रोग कुठे आणि लक्षण कुठे! इंजिन डुगडुगतं, एसीची हवा पुढून यायची ती काचेवरच जाते, किंवा बटण दाबूनही पुढचा एक्सल जागा होत नाही. चाळीस वर्षांच्या रबराचं काय व्हायचं ते होतं. पाच-पंचवीस फूट नवी नळी आणि एक निवांत रविवार इतकाच यावर खर्च आहे, पण अशा नळ्यांपायी हताश होऊन कित्येकांनी गाड्या फुंकून टाकल्या. समजून घेणाऱ्याला त्या स्वस्तात मिळाल्या.

खरा वाद मात्र यापुढचा आहे. चांगली राखलेली म्हणजे कशी?

एक गट म्हणतो, गाडी पूर्ण उघडा, सांगाड्यापासून नव्याने उभी करा. टेक्सासमधल्या केरव्हिल गावातली वॅगनमास्टर ही पेढी तर वर्षानुवर्षं या एकाच गाडीचं काम करत आली. दुसरा गट सांगाडा आणि चेहरा जुना ठेवून आत नवं इंजिन, नवे ब्रेक, थंडगार एसी बसवतो. चालवायला सुख, पण गाडी वरून म्हातारी नि आतून तरुण. तिसरा गट शक्य तितकं काहीच करत नाही. मूळ रंग फिका झालाय, असू दे. चामड्यावर सुरकुती आहे, राहू दे.

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012मध्ये ट्युरिन सनद संमत केली. तिचा रोख तिसऱ्या गटाकडे आहे : आधी जपा, मग डागडुजी करा, आणि पुनर्निर्मिती शेवटी. जे बदललं ते लिहून ठेवा आणि जमल्यास उलटवता येईल असं करा. मला हे पटतं, आणि वॅगोनिअरच्या बाबतीत तर जास्तच पटतं. कारण नव्याने चढवलेलं लाकूड हे कारखान्याने कधी चढवलं नसेल इतकं निर्दोष असतं. टोलेडोहून निघालेल्या गाड्यांचे सांधे सगळे सारखे नसत, फटी कमी-जास्त असत. त्या काळची एएमसी ही तशीच कंपनी होती. निर्दोष वॅगोनिअर पाहून डोळे सुखावतात, पण त्यात इतिहास शोधायला गेलं तर हाती थोडंच लागतं. मूळ रंग गेला की परत येत नाही; यांत्रिक भाग कधीही नवा करता येतो. एवढं लक्षात ठेवलं तर कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे आपोआप ठरतं. ब्रेकच्या नळ्या, टायर, पेट्रोलचे पाइप यांत मात्र भावुकपणा नको. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं, आणि गळणारा पेट्रोल पाइप तापलेल्या इंजिनाशेजारी असतो.

कागदपत्रं हाही मूळपणाचाच भाग. 1981पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरी क्रमांक असतो आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. 1991साठी ते एम. ‘फायनल एडिशन’ची पट्टी कुणीही डकवू शकतो, पण दहाव्या अक्षराशी तिचा मेळ बसला नाही तर बोलणं तिथेच थांबवावं. सर्व्हिसच्या पावत्या, मूळ मॅन्युअल, पहिल्या विक्रीची किमतीची चिठ्ठी असेल तर भाव वाढतो, आणि मैलांचा आकडा खरा की मागे फिरवलेला हेही पावत्यांवरून पडताळता येतं.

कुठल्या वर्षाची घ्यावी, असं विचाराल तर उत्तर हौसेवर आणि सुट्या भागांवर अवलंबून आहे. शेवटच्या तीन-चार वर्षांच्या गाड्यांना भाव सर्वांत जास्त, कारण रंग चांगले टिकले आणि चैन सगळी आहे. त्यांची ऑटोमॅटिक गिअरपेटी क्रायसलरची टॉर्कफ्लाइट. ती इतर असंख्य गाड्यांत वापरली गेल्याने तिचे भाग अमेरिकेत सहज मिळतात. 360 इंजिनाचंही तसंच. माझा जीव मात्र 1966 ते 1969च्या सुपर वॅगोनिअरमध्ये अडकलाय. त्या फार थोड्या बनल्या, त्याहून थोड्या उरल्या. तिचं इंजिन जुळवता येईल. पण आतल्या साजाचा एखादा तुकडा, कडेची एखादी पट्टी हरवली असेल तर ती कुठल्या दुकानात नाही. दुसरी तशीच गाडी भंगारात सापडेपर्यंत थांबायची तयारी असलेल्यानेच तिच्या वाट्याला जावं.